एका रात्रीत तीन युद्धं : इतवारीतल्या एका आजीच्या आठवणींचं प्रकरण

प्रकरण आमच्याच घरचं आहे. आजीचा जन्म १९३४चा. माहेर इतवारीतलं, विणकर कोष्ट्यांचं. सासर गांधीबागेजवळ, आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला. तिच्या आठवणींची एक घरगुती पुस्तिका काढायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं. तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यातला सगळ्यांच्या आवडीचा भाग म्हणजे ‘अंधाराची रात्र’. घरातल्या प्रत्येकानं तो कधी ना कधी तिच्या तोंडून ऐकला आहे. माझ्या चुलतभावानं त्या भागाला ‘१९७१चा ब्लॅकआऊट’ असा मथळाही देऊन टाकला होता.

कच्चा मजकूर मामाआजोबांना, म्हणजे आजीच्या धाकट्या भावाला, दाखवला आणि तिथंच गाडी अडली. ते म्हणाले, “एकाहत्तर कुठचं? आम्ही पोट्टे होतो तवाचं आहे हे. बाबा होते ना तवा.” आजी ऐकेना. “मी काय सपनात पाहिलं का? काळे कागद म्या सोताच्या हातानं चिकटवले.” आत्या आजीच्या बाजूनं. पुस्तिका छापायला द्यायची होती आणि दोन म्हातारी माणसं एकमेकांवर रुसून बसली होती.

आजीचं सांगणं मी जसंच्या तसं इथं देते, कारण सगळं कोडं त्यातच आहे.

“लढाई चालू होती. भोंगा झाला का सगळे दिवे बंद. खिडकीले काळे कागद लावले होते. बाबानं आम्हाले खड्ड्यात बसवलं, म्हणे आवाज नोका करू. गल्लीतून बुटाचा आवाज येऊन राहिला होता. मायनं चिमणी इझवली. रॉकेल तसंही नव्हतंच. भाकर अर्धी-अर्धी वाटून दिली, कारण सोमवार होता, सरकारनं सांगितलं होतं का एक वेळचं जेवण सोडा. माझ्या मुठीत भोकाचा पैसा होता, तो मी दाबून धरला होता. मंग दुसऱ्या दिवशी टेशनावर जाऊन शिपायांच्या गाडीत संत्री देल्ली.”

ऐकताना यात कुठंही सांधा दिसत नाही. एक रात्र, तिची सकाळ, आणि मधे एक घाबरलेली मुलगी. पण एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली की ही रात्र एका रात्रीत मावत नाही.

सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे भोकाचा पैसा. तो आजीच्या डब्यात अजून आहे, मी हातात घेऊन पाहिला. मधे मोठं गोल भोक, वर मुकुट, कड झिजून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि लोक सुटी नाणी घरात दडवून ठेवू लागले, म्हणून सरकारनं १९४३पासून हा हलका पैसा काढला. तो १९४७पर्यंत पाडला जात होता. त्याआधी १९४०मध्ये चांदीच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि एक रुपयाची कागदी नोट पुन्हा आली. आजीच्या आईला त्या नोटेचा भरवसा वाटत नसे, रुपया वाजवून घेण्यात हयात गेलेली बाई ती. पोरांना मात्र भोकाचा पैसा फार आवडायचा. दोऱ्यात ओवून गळ्यात घालता यायचा. तर हा पैसा मुठीत धरणारी मुलगी नऊ-दहा वर्षांची असणार, आणि साल १९४३ किंवा त्यानंतरचं.

आता चिमणी आणि काळे कागद. हे दोन्ही एकाच खोलीत असू शकत नाहीत. आजीच्या माहेरी वीज फार उशिरा आली. लहानपणी तिथं कंदील आणि चिमणीच होती. सासरी विजेचा दिवा होता. खिडक्यांना काळे कागद लावायचे ते विजेचा उजेड बाहेर पडू नये म्हणून. चिमणी फुंकर मारून विझवली की झालं, तिच्यासाठी कोण खळ करून कागद चिकटवत बसणार? म्हणून मी आजीला साल विचारलंच नाही. विचारलं, “कागद कशानं चिकटवले?” ती लगेच म्हणाली, “मैद्याच्या खळीनं. तुझ्या आत्यानं धरले, म्या लावले. तुझे आजोबा रातपाळीले गेले होते.” आत्याचा जन्म १९६१चा. म्हणजे कागद १९७१च्या डिसेंबरातले, आणि आजी त्याबद्दल अगदी खरं सांगत होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले, त्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या तेरा दिवसांतलं आत्याला भोंगा वाजताच बटण बंद करायला धावणं आठवतं, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला आठवतो आणि शाळेच्या मैदानात खणलेला खंदक आठवतो. तो पोरांना खेळायलाच जास्त उपयोगी पडला, असं ती म्हणते.

त्या खंदकानं आमच्या चुलतभावाला चकवलं होतं. “बाबानं आम्हाले खड्ड्यात बसवलं” हे वाक्य त्यानं मजकुरात ‘खंदकात बसवलं’ असं करून टाकलं होतं. पण आजीचे वडील १९५०मध्ये गेले. आणि ज्याच्या घरी खड्डामाग पाहिला आहे त्याला हे वाक्य समजायला वेळ लागत नाही. कोष्ट्याच्या घरात माग जमिनीलगत असतो. विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो. घरातली सगळ्यात खोल, भिंतीआडची जागा तीच. हे मी मामाआजोबांना वेगळं गाठून विचारलं, आजीचं वाक्य न सांगता: “तुम्ही लहानपणी लपायचे कुठं?” ते म्हणाले, “मागाखाली. बाबांनी एकदा आम्हा दोघाहिले रातभर तिथंच निजवलं. गल्लीत सोजीर फिरत होते. माग दोन दिवस बंद होता, ठकठक बाहेर जाईन म्हणून.”

ही रात्र १९४२च्या ऑगस्टची. ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, आणि त्या आठवड्यात नागपूर पेटलं. मिरवणुका, सरकारी कचेऱ्यांची जाळपोळ, गोळीबार, संचारबंदी. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीचा उठाव झाला, त्याच्या बातम्या कानोकानी शहरात आल्या. गल्लीतले बूट शत्रूचे नव्हतेच, आपल्याच शहरात गस्त घालणाऱ्या सरकारी फौजेचे होते. युद्धकाळातल्या शहरांच्या आठवणी लिहिताना ही गोष्ट आपल्याकडे फार वेळा झाकली जाते असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या आजीला अंधाराची भीती वाटली ती वरून येणाऱ्या विमानाची. आमच्या आजीला त्या वयात भीती होती ती दाराची. दोघींच्या आठवणीत दिवा विझतो. म्हणून त्या एकसारख्या आहेत असं समजून लिहिलं, तर १९४२चं सगळं नागपूर पुसलं जातं.

मामाआजोबांचं म्हणणं मग बरोबर ठरलं का? पूर्ण नाही. कारण भोकाचा पैसा १९४२च्या ऑगस्टात नव्हताच. मागाखालची रात्र एक, मुठीतला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा. आणि त्यांचं स्वतःचं त्या काळातलं जे खरं ठळक आहे, ते आजीच्या सांगण्यात आलंच नव्हतं: घड्याळ. १ सप्टेंबर १९४२पासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत सरकारनं देशभराची घड्याळं एक तास पुढं नेली होती, दिवसाच्या उजेडाचा जास्त वापर व्हावा म्हणून. मामाआजोबांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं, पण हिवाळ्यात शाळेला अंधारात जावं लागायचं हे पक्कं आठवतं. हिशेब केला तर पटतं. जानेवारीत नागपूरला सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणजे त्या घड्याळात आठ वाजत आलेले असणार. मिलचा भोंगाही तासभर आधी व्हायचा. त्यांची आई म्हणायची, “सूर्य का त्याहिचं ऐकते?” आणि चूल जुन्याच वेळेला पेटवायची. मुलं उपाशी शाळेत जायची.

आता भाकरीकडे येते, कारण या प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच निघालं.

‘सोमवार, एक वेळचं जेवण सोडा’ हे आवाहन लालबहादूर शास्त्रींचं, १९६५चं. धान्याची चणचण, परदेशी गव्हावरचं अवलंबन आणि सप्टेंबरातलं युद्ध. लोकांनी सोमवारी संध्याकाळी जेवू नये, असं ते म्हणाले आणि लोकांनी खरंच ऐकलं. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहत. आजी तेव्हा एकतीस वर्षांची, पदरी तीन मुलं. मी विचारलं, “सोमवारी पोरांना काय द्यायची?” तर म्हणे, “पोरांना कायचा उपास? त्याहिले वरणभात दिला. म्या नाही जेवली. तुझे आजोबा नाही जेवले.” म्हणजे १९६५मध्ये भाकर अर्धी झालीच नव्हती. मुलांची पूर्ण होती आणि मोठ्यांची नव्हतीच. मग अर्धी-अर्धी वाटलेली भाकर कधीची?

इथं मी तिला मागाबद्दल विचारायला लागले. युद्धाचं नावही काढलं नाही. सूत कुठून यायचं, बाबा दिवसाला किती विणायचे, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ कोण लावायचं. आणि आजी जी बोलत सुटली ते आमच्यापैकी कुणीही आधी ऐकलेलं नव्हतं.

जपानकडून येणारं रेशमी आणि नकली रेशमाचं सूत युद्धात थांबलं. नागपुरी लुगड्याचा काठ त्यावर चालायचा. इकडे गिरण्या फौजेसाठी कापड काढू लागल्या, त्यामुळे सुती सूतसुद्धा विणकराला मिळेना, मिळालं तर काळ्या बाजारात. जून १९४३मध्ये सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडावर किंमत छापून यायला लागली. पण हातमागवाल्याला छापील भावानं सूत मिळणं म्हणजे नशीब. आजीचे वडील पहाटेपासून सुतासाठी रांगेत उभे राहत, आणि हाती आलेल्या सुतात एक अख्खं लुगडंही होत नसे. लुगडी विणणाऱ्याच्या घरात आजीची आई दोन जुनी लुगडी फाडून, चांगला भाग चांगल्या भागाला जोडून दंड घालून नेसायची.

खळीचं प्रकरण त्याहून अवघड. ताण्याचं सूत मागावर चढवण्याआधी त्याला पिठाची खळ पाजावी लागते, नाहीतर ते विणताना तुटतं. खळ करायला ज्वारीचं पीठ लागतं. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडून येणारा तांदूळ थांबला, सगळ्याच धान्याचे भाव चढले, आणि आजीच्या आईसमोर रोज सकाळी एकच प्रश्न असायचा. डब्यातलं पीठ मागाला द्यायचं की पोरांना? मागाला दिलं नाही तर आठवड्यानं विकायला लुगडं नाही, आणि लुगडं नाही तर पीठ नाही. आजीच्या शब्दांत: “मागाले खळ पाजली का आमची भाकर अर्धी. आम्हाले समजे. ताणा गल्लीत पसरला का आम्ही म्हणो, आज अर्धी.” तुरीच्या डाळीऐवजी लाखोळीची डाळ, आणि भाकरीसोबत जवसाची चटणी, ती असली तर. रॉकेल तर नव्हतंच. ब्रह्मदेशातलं तेलही बंद झालं होतं. अंधार पडायच्या आत विणणं आणि जेवणं दोन्ही उरकायचं.

ही अर्धी भाकर १९४३ची. कुणीही आवाहन केलेलं नव्हतं, उपास नव्हता, सोमवारही नव्हता. पुढे बावीस वर्षांनी आजीनं देशाच्या पंतप्रधानांच्या सांगण्यावरून आपणहून जेवण सोडलं, तेव्हा लहानपणीच्या त्या भाकरीला तिच्या मनात एक मानाची जागा मिळाली असावी. सोसलेल्या गोष्टीला त्याग म्हणता आलं. मला हे तिच्या आठवणीतलं सगळ्यात समजण्यासारखं मिसळणं वाटतं. म्हणूनच ते वेगळं करून लिहायला हवं होतं. १९४३मध्ये इतवारीतल्या त्या बाईच्या चुलीपर्यंत युद्ध आलं ते कुणाच्या हाकेनं आलं नव्हतं, आणि तिला कुणी ‘तुला चालेल का’ असं विचारलंही नव्हतं.

संत्र्यांचा गुंता लवकर सुटला. नागपूर हे मुंबई–हावडा आणि दिल्ली–मद्रास या दोन्ही मार्गांचं जंक्शन. प्रत्येक युद्धात फौजेच्या गाड्या इथून गेल्या. गाडी १९६५ची असती तर महिना सप्टेंबरचा, आणि सप्टेंबरात झाडावर संत्रं हिरवं असतं. संत्र्याची दोन पिकं, त्यातला आंबिया बहार उतरतो तो ऑक्टोबरनंतर, मृग बहार त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग उरली १९६२ची चीनची लढाई आणि १९७१. निकाल लावला तो आत्याच्या ट्रंकेतल्या एका लिफाफ्यानं. आजोबांनी भंडाऱ्याला बहिणीला लिहिलेलं पत्र, त्यात “काल स्टेशनवर जवानांस संत्री व पुऱ्या दिल्या” असं एक वाक्य. पोस्टाचा शिक्का फिकट, तारीख लागत नाही. पण लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे, त्यावर निर्वासित साहाय्याची छपाई. पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांसाठी टपालावर बसवलेला तो कर १५ नोव्हेंबर १९७१पासून लागू झाला. त्याआधीच्या पत्रावर ते तिकीट असणं शक्य नाही.

१९६२बद्दल आजी फक्त एक वाक्य बोलते: संरक्षण निधीला तिनं कानातलं दिलं. पुढं विचारलं की विषय बदलते. मी तो रेटला नाही.

सगळे तुकडे जमले तेव्हा खरा प्रश्न आला तो आजीला सांगायचं कसं याचा. भावंडांपैकी एकाचं मत होतं, सरळ दुरुस्त मजकूर छापावा, तिला वाचून दाखवू नये. मला ते अजिबात मान्य नव्हतं. नव्वदीच्या माणसाच्या पाठीमागं त्याच्या आठवणीची दुरुस्ती करणं म्हणजे त्याच्या हयातीतच त्याच्याबद्दल ‘होती’ म्हणून बोलणं. दुसऱ्याचं मत होतं, जसं बोलली तसं छापा, कोण तपासायला बसलंय. तेही पटेना, त्यानं मागाखालची रात्र, गल्लीतले बूट आणि खळीचं पीठ, सगळं एकाहत्तरच्या नावावर कायमचं जमा झालं असतं. तिच्या आईचा हिशेब मग कुणी केलाच नसता.

शेवटी आम्ही केलं ते असं. दोघा बहीणभावांना एकत्र बसवलं. ‘कोण बरोबर’ हा शब्द काढायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. भोकाचा पैसा, लिफाफा आणि आत्यानं जपलेला काळ्या कागदाचा तुकडा मधे ठेवला. मग एकेक वस्तू उचलून दोघांना विचारलं, ही कुणाच्या घरातली? पैशावर दोघं एका आवाजात म्हणाले, “इतवारीतली.” कागदावर मामाआजोबा म्हणाले, “हे नाही मला माहीत, हे ताईच्या सासरचं.” आजी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी दोन घरांची रात एक केली का?” मी म्हटलं, आजी, तू दोन्ही ठिकाणी होतीस ना. तिला ते पटलं. मामाआजोबांनाही पैशाचं साल ऐकून जरा नमतं घ्यावं लागलं. रुसवा तिथंच संपला, पण त्यानंतर दोघं मागाच्या पावड्या किती होत्या यावर भांडले, आणि ते भांडण अजून चालू आहे.

पुस्तिकेत आजीचं सांगणं पहिल्या पानावर जसंच्या तसं आहे, तिच्याच बोलीत, साल न घालता. पुढच्या पानांवर त्यातली एकेक वस्तू आणि तिचा काळ: माग आणि बूट, १९४२, पीठ, सूत आणि पैसा, १९४३ आणि नंतर, सोमवार, १९६५, कागद आणि संत्री, १९७१. मामाआजोबांचं घड्याळ त्यांच्या नावानं वेगळं दिलं आहे. सगळ्यात जास्त पानं खळीच्या पिठाला गेली, आणि ती माझ्या आग्रहानं गेली.

ज्यांना आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना असं विचारायचं असेल त्यांच्यासाठी इतकंच सांगते की ‘युद्धात काय झालं’ या प्रश्नाला आजीनं दर वेळी तीच अंधाराची रात्र सांगितली. दिवा कशाचा होता, पीठ कुठून यायचं, शाळेला निघताना उजाडलेलं असायचं का, असं विचारल्यावर मात्र ती दर वेळी नवीन काही बोलली. दोन भावंडांना आधी वेगवेगळं विचारावं, नाहीतर मोठ्याचं ऐकून धाकटा आपलं सोडून देतो. मामाआजोबांचं घड्याळ आजीसमोर कधीच निघालं नसतं. आणि कुठल्या ऋतूतलं फळ, कुठलं नाणं, कुठलं तिकीट याची नोंद त्याच वेळी करावी. आत्याच्या ट्रंकेतला तो लिफाफा मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जाता जाता राहिला होता. आता आत्याच्या शाळेतल्या खंदकाचं रेकॉर्डिंग झालं आहे, चुलतभाऊ ते उतरवतो आहे, आणि ‘खड्डा’ आला की आधी फोन करून विचारतो.